गळ्याचं माप

एकेचाळीस वर्षं मी लोकांचे गळे मोजतोय,
लिंग्वाग्लोसात, एत्नाच्या उत्तर उतारावर,
जिथे दुकान उघडायच्या आधी
उंबऱ्यावरची राख झाडावी लागते,
काळी, रव्यासारखी खरखरीत.

क्रिसाफुल्ली, हेझलनटचा दलाल,
दर ऑक्टोबरात एक शर्ट शिवून घेतो.
गळा एकेचाळीस. सालोसाल एकेचाळीस.
यंदा फीत अर्ध्या बोटानं कमी पडली,
आणि पोट तर उलट आत गेलेलं.
त्यानं आवंढा गिळला
तसं फितीखाली काहीतरी वर सरकलं, खाली आलं,
अस्तरात राहून गेलेल्या गाठीसारखं.

मी म्हटलं, गाएतानो, कॉलर नंतर. आधी कातानियाला जा.
"शिंप्यानं नाडी बघू नये."
पण गेला. एकट्याला धीर होईना, म्हणून मलाही नेलं.
डॉक्टर स्पादारो त्याचा गळा चाचपत होत्या
आणि बघत होत्या माझ्याकडे.
तुमचंही रक्त घेऊ का?
घ्या म्हटलं. आलोच आहे तर.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, त्या म्हणाल्या.
ती गळ्याला हाक मारते: काम कर, काम कर.
गळा आळसावला की ती आवाज चढवते.
तो आवाज कागदावर आकडा होऊन येतो.
(माझी पिप्पिना जिन्याखालून मारते तशाच हाका.
त्यांचा आकडा अजून कुणी काढलेला नाही.)

क्रिसाफुल्लीचा आला शून्य पूर्णांक शून्य आठ.
हाक जवळजवळ बंद.
त्याची गाठ कुणी न सांगता राबतेय, आपल्याच मस्तीत;
अशा गाठीत वाईट क्वचित निघतं,
छातीची धडधड तेवढी औषधानं आवरू.
तो बाहेर गेला आणि बदामाचा ग्रानिता खाऊन आला.

माझा तीन पूर्णांक नऊ.
कागदावर चौकट चारपर्यंत.
"म्हणजे नॉर्मल."
"नॉर्मल," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.
सोनोग्राफीत माझ्याही गळ्यात एक निघाली होती,
ओव्हरकोटाच्या आतल्या बटणाएवढी, कडा वेड्यावाकड्या.
गाठ नसती तर या आकड्यावर घरी पाठवलं असतं.
पण हाक मोठी असली की गाठीलाही ऐकू जाते,
आणि गाठीला काम येतं एकच, वाढायचं.
आकड्यानं काही ठरत नाही. पारडं जरासं कलतं.

मला हे समजावून सांगायला नको होतं.
कापड मापात असलं
तरी विरतं ते काठाशीच.

कुणी म्हणतं डोंगरामुळे, कुणी विहिरीच्या पाण्यामुळे.
डॉक्टरनी खांदे उडवले.

मग सुई.
एवढी वर्षं टोक माझ्याकडे कधी नव्हतं.

तीन फेब्रुवारीला सान ब्याजोचा दिवस.
फादर दोन मेणबत्त्यांची कात्री करतात
आणि एकेकाच्या गळ्याला लावतात, घशाचं दुखणं टळो म्हणून.
मी रांगेत होतो. रिपोर्टला नऊ दिवस बाकी.
पिप्पिना मागे, माझ्या कोटाचं टोक धरून,
सबंध चर्चमध्ये एक शब्द न बोलता.
मेणाचा थंड स्पर्श. मी आवंढा गिळला.
बटण वर सरकलं, खाली आलं.

होता.
हळू चालणारा, त्या म्हणाल्या, वेळेत हाती लागलेला.
गळ्याशी आलं होतं, गळ्याशीच थांबलं.

आरशात टाके मोजले. अकरा.
मी सातांत भागवलं असतं,
पण इतके बारीक मला कधी जमले नसते;
त्या पोराला सांगायचं राहून गेलं.
मग फीत घेतली आणि पहिल्यांदा
स्वतःच्या गळ्याभोवती फिरवली.
अडतीस.
मी आयुष्यभर चाळीस धरून शिवत आलो.

क्रिसाफुल्लीचा शर्ट अजून टेबलावर आहे.
निरोप आलाय: एकेचाळीसच ठेव, औषधानं उतरेल.
मी साडेएकेचाळीस कापला.